अमेरिकन फुटबॉल : एकच अल्बम काढून थांबलेला बँड इतक्या उशिरा इतका मोठा कसा झाला?

दुपारचा रेडिओ

नमस्कार. हा प्रश्न खेळाविषयी नसून 'अमेरिकन फुटबॉल' या नावाच्या रॉक बँडविषयी आहे, हे आधीच सांगितलेले बरे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, अर्बाना या विद्यापीठाच्या गावी, १९९७ साली हा बँड सुरू झाला. १९९८ मध्ये त्यांनी तीन गाण्यांची एक छोटी ध्वनिमुद्रिका काढली, १९९९ च्या सप्टेंबरमध्ये नऊ गाण्यांचा अल्बम काढला आणि २००० साली त्यांचा कारभार आटोपला. दोन्ही ध्वनिमुद्रिकांना बँडचेच नाव आहे; वेगळे शीर्षक देण्याच्या भानगडीतही ही मंडळी पडलेली दिसत नाहीत.

माझी पिढी मॅग्नासाउंडच्या कॅसेटींवर आणि एमटीव्हीवर पोसलेली. आम्हाला ठाऊक असलेले बँड आधी मोठे व्हायचे आणि मग आमच्यापर्यंत पोहोचायचे. हा बँड अस्तित्वात होता तेव्हा त्याचे नाव माझ्या ओळखीच्या एकाही रॉकप्रेमी माणसाच्या तोंडून मी ऐकले नव्हते. आता मात्र अभियांत्रिकीला असलेली माझी मुलगी आणि तिचे मित्रमैत्रिणी या अल्बमविषयी ज्या आदराने बोलतात, त्या आदराने आम्ही पिंक फ्लॉइडविषयी बोलत असू. मी तो अल्बम नीट बसून ऐकला आणि मला आवडला. शांत आहे, कुठे आरडाओरडा नाही, मध्येच ट्रम्पेट येते, आणि गाणारा मुलगा आपले गाणे कोणी ऐकत आहे याचे भान नसल्यासारखा गातो.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की, 'इंटरनेटने शोधून काढलेला बँड' असे याचे वर्णन सर्रास केले जाते. ते कितपत खरे आहे आणि प्रत्यक्षात ते घडले कसे? दुसरा प्रश्न मुलीच्या वतीने विचारतो. 'नेव्हर मेंट' या पहिल्या गाण्याच्या सुरुवातीचे गिटार तिला काही केल्या जमत नाही. स्वर बरोबर लागतात, पण आवाज तसा येत नाही, अशी तिची तक्रार आहे. तिचे बोट कुठे चुकते आहे का?

नव्वदची कॅसेट

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तारखांमध्येच दडलेले आहे. नॅपस्टर सुरू झाले जून १९९९ मध्ये आणि हा अल्बम बाजारात आला त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. म्हणजे गाणी फुकट वाटण्याचे जगातले पहिले मोठे यंत्र नुकतेच धडधडू लागले होते, त्याच सुमारास ही नऊ गाणी तयार झाली. बँड थांबला २००० साली आणि न्यायालयाच्या दट्ट्यामुळे नॅपस्टर बंद पडले जुलै २००१ मध्ये. त्यामुळे बहुतेक श्रोत्यांच्या हाती ही गाणी पडली तेव्हा कार्यक्रमाला जाऊन पाहता येईल असा बँडच उरलेला नव्हता. रेडिओ नाही, व्हिडिओ नाही, मोठा दौरा नाही, मासिकांच्या मुखपृष्ठाचा तर प्रश्नच नाही.

मात्र नॅपस्टरला सगळे श्रेय देण्याची जी पद्धत आहे, ती मला पटत नाही. नॅपस्टरवर तुम्हाला जे हवे त्याचे नाव टाकून शोधावे लागे, आणि ज्याचे नावच माहीत नाही ते शोधणार कसे? त्यातून या मंडळींनी बँडला नाव असे ठेवलेले, की त्या काळातल्या कोणत्याही शोधयंत्रात ते टाकले तर हेल्मेट घातलेले धिप्पाड खेळाडू आणि सामन्यांचे निकाल यांखेरीज काही हाती लागू नये. प्रसिद्धी टाळायचीच असती तरी याहून चांगले नाव सुचले नसते.

खरा बदल घडवला तो सोलसीकसारख्या व्यवस्थांनी. नॅपस्टरमध्ये प्रोग्रॅमर म्हणून काम केलेल्या नीर आर्बेल यांनी ती सुरू केली. तिथे एखाद्याकडून एक गाणे घेताना त्या माणसाने खुले ठेवलेले सगळे फोल्डर तुम्हाला चाळता येत. तुमच्या आवडीचा एखादा अपरिचित बँड ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे आणखी काय काय आहे हे बघण्याचा मोह कोणाला आवरतो? दुसऱ्याच्या घरी गेल्यावर त्याच्या पुस्तकांच्या कपाटाशी घुटमळावे, तसा तो प्रकार होता. 'कॅपन जॅझ' किंवा 'जोन ऑफ आर्क' या शिकागोच्या बँडचे फोल्डर उघडले, की शेजारी 'अमेरिकन फुटबॉल' असण्याची शक्यता भरपूर होती, कारण माणसे तीच होती. गायक माइक किन्सेला हा किशोरवयात आपला भाऊ टिम याच्याबरोबर कॅपन जॅझमध्ये ड्रम वाजवत असे आणि पुढे जोन ऑफ आर्कमध्येही तो होता. पुढे लास्ट एफएम या संकेतस्थळाने हेच काम यंत्रावर सोपवले. कोण काय ऐकतो याची नोंद ठेवायची आणि त्यावरून 'हे आवडले तर तेही ऐका' असे सुचवायचे. अशा शिफारशीला नावाचा अडथळा उरत नाही.

आपल्याकडच्या लोकांनी हे कसे ऐकले असेल याचाही जरा हिशेब मांडून बघू. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फाइलला मिनिटामागे साधारण १ एमबी लागत असे. 'नेव्हर मेंट' साडेचार मिनिटांचे आहे. ५६ के मोडेमवर सगळे ग्रह अनुकूल असतील तर सेकंदाला ५ केबी मिळत. म्हणजे या एका गाण्याला पंधरा मिनिटे, आणि आठ मिनिटांच्या 'स्टे होम'ला जवळजवळ अर्धा तास. मध्येच घरात कोणी फोन उचलला की सगळे मुसळ केरात. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीच्या इंटरनेट जोडणीचे तास वेगळे मोजले जात आणि टेलिफोनचे बिल वेगळे येई, म्हणून पुष्कळ जण सायबर कॅफेत बसून गाणी उतरवत आणि सीडीवर भरून घरी नेत. इतक्या खटाटोपाने मिळवलेले गाणे कोणी अर्धे ऐकून टाकून देत नसे. हा अल्बम पहिल्या ऐकण्यात हाती न लागणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे अशा सक्तीच्या पारायणाचा त्याला फायदाच झाला असे माझे मत आहे.

सहा तारा

ताईंचे बोट चुकत नाही, गिटार चुकीच्या स्वरांत लावलेले आहे. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ते गाणे तसे वाजणारच नाही.

जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना नेहमीचे ट्यूनिंग ई, ए, डी, जी, बी, ई असे असते. 'नेव्हर मेंट'साठी ते एफ, ए, सी, जी, सी, ई असे करावे लागते. म्हणजे सर्वांत जाड तार अर्ध्या स्वराने चढवून एफवर आणायची, तिच्या शेजारची ए तशीच ठेवायची, डीची तार पूर्ण स्वर उतरवून सीवर आणायची, जी तशीच ठेवायची, बीची तार अर्धा स्वर चढवून सीवर न्यायची आणि सर्वांत बारीक ईला हात लावायचा नाही. तीन तारा बदलतात, तीन राहतात. बीची तार चढवताना खुंटी हळूहळू फिरवावी, तार जुनी आणि गंजलेली असेल तर आधी नवी चढवावी, आणि सहाही तारा एकदा लावून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासाव्यात, कारण एका तारेचा ताण बदलला की बाकीच्या किंचित हलतात.

आता डाव्या हाताचे एकही बोट न लावता सहाही तारांवरून सावकाश नखी फिरवून बघा. एफला षड्ज मानले तर ऐकू येणारे स्वर असे आहेत : सा, ग, प, मग वरच्या सप्तकातला रे, पुन्हा प, आणि सर्वांत शेवटी शुद्ध नी. वरची तार नीवर येऊन थांबते आणि वरचा सा काही मिळत नाही. या अल्बममधली गाणी कायम काहीतरी सांगायचे राहून गेल्यासारखी वाटतात, त्याचे निम्मे कारण मला या निषादात दिसते. शब्द नंतर येतात. तारा लावतानाच ते अपुरेपण गिटारात आलेले असते. शिवाय खुल्या तारा इतक्या गोड लागत असल्यामुळे बोटांनी एक-दोन स्वर दाबायचे आणि बाकीच्या तारा घुमू द्यायच्या, ही वाजवण्याची रीत आपोआप येते. ताईंना नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये स्वर मिळत होते पण आवाज मिळत नव्हता, तो यामुळे. स्वर दाबून वाजवले की ते कापल्यासारखे थांबतात, आणि इथे एकाचा घुमारा दुसऱ्यात मिसळायला हवा.

दुसरे म्हणजे तिथे एक गिटार नाही, दोन आहेत. माइक किन्सेला आणि स्टीव्ह होम्स यांपैकी कोणीही नुसते कॉर्ड झोडत बसत नाही. दोघांच्या स्वतंत्र सुरावटी एकमेकींच्या मोकळ्या जागांत शिरतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला तिसरीच सुरावट ऐकू येते आणि ती कोणत्याच गिटारावर सापडत नाही. स्टीव्ह राईख या अमेरिकन संगीतकाराच्या, लहान लहान आवर्तने एकमेकांवर रचत जाणाऱ्या संगीताचा आपल्यावर परिणाम झाल्याचे बँडच्या लोकांनीच सांगितले आहे. ताईंनी एकटीने दोन्ही भाग एकत्र वाजवायचा प्रयत्न सोडून द्यावा आणि एखादा जोडीदार शोधावा.

बँडमध्ये बासवादक, म्हणजे खालचे स्वर धरणारे बास गिटार वाजवणारा, नव्हता, हेही ध्यानात घ्यायला हवे. अल्बमवरचा बास माइकनेच नंतर वाजवून भरला आहे. तिसरा सदस्य स्टीव्ह लेमोस ड्रम वाजवतो आणि ट्रम्पेटही त्याचेच. ड्रमवर त्याचा हात जॅझचा आहे, रॉकचा नाही. खालचा मजला असा मोकळा राहिल्यामुळे जाड तारेवरच्या त्या एफला भारदस्तपणा येतो.

हे सगळे इतके सविस्तर लिहिले, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तरही यातच आहे. ऐकणाऱ्यांनी हा बँड पसरवला हे खरे, पण तो टिकवला वाजवणाऱ्यांनी. इतर गाण्यांचे कॉर्ड कोणीही कानाने ओळखून वाजवू शकतो. या गाण्यांना मात्र ट्यूनिंग कळल्याशिवाय पाऊलही पुढे पडत नाही, आणि बँड तर मोडलेला, मग विचारणार कोणाला? तेव्हा कोणीतरी कान देऊन ते शोधले आणि टॅबच्या संकेतस्थळांवर टाकले. सहा आडव्या रेघा, त्यांवर फ्रेटचे, म्हणजे गिटारच्या पट्टीवर बोट कुठे ठेवायचे त्या घरांचे आकडे, वर ट्यूनिंगची एक ओळ, सगळे साध्या टाइपात. दुसऱ्याने त्यात दुरुस्ती सुचवली, तिसऱ्याने दुसऱ्या गिटारचा भाग जोडला. पुढे २००५ नंतर यूट्यूब आले आणि पलंगावर बसून 'नेव्हर मेंट' वाजवणाऱ्या मुलांचे व्हिडिओ दिसू लागले. एकदा गिटार एफ-ए-सी-जी-सी-ईमध्ये लावले की त्यावर हाच अल्बम किती दिवस वाजवणार? माणूस स्वतःचे काहीतरी रचू लागतो. गेल्या वीस वर्षांत या प्रकारच्या संगीतात जे नवे बँड आले, त्यांच्यात हे ट्यूनिंग आणि त्याचे भाऊबंद इतके पसरले आहेत, की कित्येक मुले ते वाजवतात आणि ते कोणाकडून आले हे त्यांना नंतर कळते.

इलिनॉयकर

मी काही वर्षे अर्बाना-शँपेनला शिकायला होतो, त्यामुळे गावाविषयी थोडे लिहितो. अर्बाना आणि शँपेन ही जुळी गावे आहेत आणि इलिनॉय विद्यापीठ त्या दोघांच्या मध्ये पसरलेले आहे. शिकागो दोन-अडीच तासांवर. गावाबाहेर पडले की क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन. डोंगर सोडाच, साधी टेकडीही नाही. मे महिन्यात परीक्षा संपल्या की हजारो विद्यार्थी निघून जातात आणि आदल्या आठवड्यापर्यंत गजबजलेल्या ग्रीन स्ट्रीटवर शुकशुकाट होतो. अल्बमवर 'द समर एन्ड्स' नावाचे गाणे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीवरच ज्या गावाचे चलनवलन अवलंबून आहे, तिथल्या विद्यार्थ्याला त्या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बँड मोडण्यामागेही भांडण वगैरे काही नव्हते. शिक्षण संपत आले, माणसे पांगणार हे दिसत होते, आणि त्याआधी जमलेली गाणी अर्बानाच्याच एका स्टुडिओत चार-पाच दिवसांत ध्वनिमुद्रित करून घेतली, इतका साधा हिशेब. लेमोस पुढे कोलोरॅडोत विद्यापीठात लेखनाचा प्राध्यापक झाला.

इंटरनेटच्या बाबतीत एक योगायोग सांगण्याजोगा आहे. चित्रे आणि मजकूर एकत्र दाखवणारा आणि सामान्य माणसाला वेब उघडून देणारा मोझेक हा ब्राउझर १९९३ साली याच विद्यापीठातल्या सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बीना यांनी तयार केला होता. यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी स्टीव्ह चेन आणि जावेद करीम हे दोघेही याच विद्यापीठाचे विद्यार्थी. यातून कार्यकारणभाव काढू नये, बँडला त्याचा काडीचाही उपयोग झालेला नाही. पण ज्या गावाने ही दोन्ही साधने घडवायला हातभार लावला, त्याच गावचा बँड त्या साधनांनी जगभर नेला, हे मला तिथे राहत असताना नेहमी गमतीचे वाटे.

आता त्या घराविषयी. अल्बमच्या मुखपृष्ठावर एका पांढऱ्या लाकडी घराचा वरचा भाग दिसतो. छायाचित्र खालून वर पाहत घेतलेले आहे, वेळ अंधाराची आहे, रंगात हिरवट झाक आहे आणि माडीवरच्या एका खिडकीत दिवा लागलेला आहे. छायाचित्र क्रिस स्ट्राँग यांचे. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा दिवसाढवळ्या गेलो आणि माझा विरसच झाला. अर्बानामध्ये विद्यार्थ्यांना भाड्याने देतात तसल्या शेकडो घरांपैकी ते एक. रंग उडालेला, व्हरांड्यात जुना कोच. पण समोरच्या पदपथावर दोन मुले उभी होती, एक जण खाली बसून मान वाकडी करून मुखपृष्ठासारखाच कोन साधण्याच्या खटपटीत होता, आणि आत राहणाऱ्यांना याची सवय असावी, कारण दार उघडून बाहेर पडलेल्या मुलीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ज्या श्रोत्यांना बँड कधी पाहायला मिळाला नाही, त्यांच्यासाठी ते घर हीच बँडची एकमेव पाहता येण्याजोगी वस्तू होती. २०१४ साली 'नेव्हर मेंट'चा अधिकृत व्हिडिओ, म्हणजे गाण्यानंतर पंधरा वर्षांनी, त्याच घरात चित्रित झाला. पुढे ते घर पाडले जाईल अशी भीती निर्माण झाल्यावर २०२३ मध्ये बँड, त्यांची ध्वनिमुद्रिका कंपनी आणि आणखी काही जणांनी मिळून ते विकतच घेतले.

शंकेखोर

चर्चा रंगते आहे, परंतु आतापर्यंतच्या प्रतिसादांत एक जण सोयीस्करपणे मागे राहिला आहे, तो म्हणजे ध्वनिमुद्रिका काढणारा. १९९९ साली अमेरिकेच्या विद्यापीठांच्या गावांत असे बँड पैशाला पासरी होते. त्यांतले कित्येक नॅपस्टरवर आणि सोलसीकवर होतेच, काहींची गाणीही उत्तम होती, तरीही ते आज कोणाला ठाऊक नाहीत. तेव्हा 'इंटरनेटमुळे' हे उत्तर पुरेसे होत नाही. इंटरनेट सगळ्यांनाच उपलब्ध होते.

फरक मला असा दिसतो. पॉलिव्हाइनल ही त्यांची कंपनी त्याच भागातली. मॅट लन्सफर्ड आणि डार्सी नाइट या दोघांनी डॅनव्हिल या गावी शाळकरी वयात काढलेल्या हौशी नियतकालिकातून ती उभी राहिली आणि पुढे शँपेनला आली. ही कंपनी बुडाली नाही, कोणा मोठ्या कंपनीने ती गिळलीही नाही, आणि बँड मोडल्यानंतरही तिने हा अल्बम विक्रीस ठेवला. फुकट ऐकून ज्याला तो विकत घ्यावासा वाटला, त्याला तो मिळत राहिला. ज्या बँडच्या कंपन्या दोन-तीन वर्षांत गुंडाळल्या गेल्या, त्यांच्या मूळ टेप कोणाच्या तरी तळघरात सडल्या आणि श्रोत्यांकडे उरल्या त्या चुकीची नावे दिलेल्या, मध्येच तुटणाऱ्या फाइली.

दुसरा मुद्दा माइक किन्सेलाचा. त्याने २००१ पासून 'ओवेन' या नावाने एकट्याची गाणी सातत्याने काढली. म्हणजे बँड संपला तरी त्याचा आवाज चालू होता, आणि ओवेन ऐकणारा प्रत्येक नवा श्रोता उलट्या दिशेने चालत या अल्बमपर्यंत येत होता. त्यानंतर साधारण २००८ पासून फिलाडेल्फिया आणि आसपासच्या भागांत अल्जर्नॉन कॅडवालाडर, स्नोइंग असे तरुण बँड पुढे आले आणि त्यांनी नव्वदच्या दशकातल्या इलिनॉयचा वारसा उघडपणे सांगितला. मोठ्या नियतकालिकांना या अल्बमविषयी लिहायचे कारण मिळाले ते तेव्हा.

तुलनेसाठी वर उल्लेख आलेला कॅपन जॅझच घ्या. तोही अल्पायुषी, १९९५ साली, म्हणजे नॅपस्टरच्या चार वर्षे आधी मोडलेला. त्याची कीर्ती कॅसेटच्या प्रती, तोंडोतोंडी चर्चा आणि १९९८ साली निघालेला समग्र संग्रह यांवर वाढली. म्हणजे त्या वर्तुळातला मोडलेला बँड इंटरनेटशिवायही दंतकथा होऊ शकत होता. इंटरनेटने वेग दिला आणि परीघ वाढवला. अर्बानाबाहेरच्या, अमेरिकेबाहेरच्या, अगदी तुमच्या अभियांत्रिकीच्या मुलीपर्यंत तो नेला. ते श्रेय मी नाकारत नाही, फक्त त्याची वाटणी नीट व्हावी असे म्हणतो.

सहा तारा

शंकेखोर यांचा कंपनीविषयीचा मुद्दा मान्य आहे, परंतु दुकानात माल ठेवला म्हणून गिऱ्हाईक येत नाही. कॅपन जॅझचे उदाहरण तर मला माझ्याच बाजूचे वाटते. कॅपन जॅझ हा ओरडून गाणारा, धसमुसळा, कार्यक्रमात पाहण्याचा बँड होता आणि ज्यांनी तो पाहिला त्यांनी त्याच्या गोष्टी पसरवल्या. अमेरिकन फुटबॉलचे कार्यक्रम मोजकेच झाले आणि ते पाहून आलेल्यांच्या रसभरित कथा अशा काही नाहीतच. तिथे सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, शिकण्यासारखे गिटार होते. म्हणून तो बँड एकट्याने खोलीत बसून ऐकणाऱ्या आणि वाजवणाऱ्या मुलांकडे गेला, आणि इंटरनेटवर त्या काळी नेमकी हीच मुले सर्वांत जास्त वेळ बसलेली होती.

दुपारचा रेडिओ

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने काल संध्याकाळी गिटार एफ-ए-सी-जी-सी-ईमध्ये लावले आणि नुसत्या खुल्या तारा छेडल्यावर ती जोरात हसली, यावरून सहा तारा यांनी दिलेले उत्तर बरोबर असावे असा माझा तर्क आहे. बीची तार तुटली नाही.

एक उपप्रश्न राहिला. बँड नंतर पुन्हा एकत्र आला असे वाचले. पंधरा वर्षे न दिसण्यावरच ज्यांचे निम्मे आकर्षण उभे होते, ते प्रत्यक्ष समोर आल्यावर लोकांचा भ्रमनिरास झाला नाही का? आणि नंतरचे अल्बम ऐकण्याजोगे आहेत का?

नव्वदची कॅसेट

पॉलिव्हाइनलने २०१४ मध्ये जुन्या अल्बमची वाढीव आवृत्ती काढली, तेव्हा तो बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत शिरला. पहिल्या खेपेला त्याला हे जमणे शक्यच नव्हते. त्याच वर्षी बँड पुन्हा एकत्र आला. सप्टेंबरमध्ये आपल्याच गावच्या पिग्मेलियन महोत्सवात आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या वेब्स्टर हॉलमध्ये त्यांनी कार्यक्रम केले. न्यूयॉर्कला आधी एकच प्रयोग जाहीर झाला होता. तिकिटे हातोहात संपल्यामुळे त्याचे तीन करावे लागले. विद्यार्थी असताना या लोकांनी एवढ्या मोठ्या सभागृहात कधी वाजवलेले नव्हते, आणि आता समोरचा जमाव एकेक ओळ पाठ असलेला. माइकचा चुलतभाऊ नेट किन्सेला बास वाजवायला आला, त्यामुळे सहा तारा यांनी वर्णन केलेला तो मोकळा खालचा मजला रंगमंचावर भरून निघाला.

भ्रमनिरास झाला का, तर थोडासा झाला, पण तो २०१६ च्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी. त्याच्या मुखपृष्ठावर त्याच घराचा आतला भाग आहे आणि गाणीही जुन्या घरात शिरून सामान तसेच आहे ना हे तपासणाऱ्या माणसासारखी आहेत. चाळिशीकडे झुकलेल्या, मुलेबाळे असलेल्या माणसाने विशीतला हळवेपणा पुन्हा घालून बघावा, तो अंगाला घट्ट व्हावा, असे मला ऐकताना वाटले. अर्थात अनेकांना तो आवडतोही. २०१९ चा तिसरा अल्बम मात्र खरोखर स्वतंत्र आहे. मुखपृष्ठावरून घर गेले आणि धुक्यातले मोकळे रान आले. गाणी लांब झाली, ध्वनी पसरला, आणि स्लोडाइव्हची रेचल गॉसवेल, पॅरामोरची हेली विल्यम्स, लँड ऑफ टॉकची एलिझाबेथ पॉवेल या इतर बँडमधल्या तिघी गायिकांचे आवाज त्यात आले. माइक इथे आपल्या वयाचा होऊन गातो. लेमोस २०२१ मध्ये बाहेर पडला आणि पुढे परतला. २०२४ मध्ये पहिल्या अल्बमला पंचवीस वर्षे झाली तेव्हा त्यांनी तो अथपासून इतिपर्यंत वाजवण्याचे कार्यक्रम केले.

तुम्ही पहिल्या अल्बमवरून थेट तिसऱ्यावर उडी मारावी आणि दुसरा सवडीने ऐकावा. त्याआधी १९९८ ची तीन गाणी जरूर ऐका. त्यात गायन आणखी कच्चे आहे आणि दोन गिटारींची गुंफण अजून पुरती बसलेली नाही, त्यामुळे कोणती गिटार काय करते हे वेगवेगळे ऐकू येते. तुमच्या मुलीला शिकायला ती 'नेव्हर मेंट'पेक्षा सोपी पडतील.